गोऱ्या इव्हॅन्जेलिकल मतांचा आकडा कसा वाचायचा

अमेरिकेतल्या गोऱ्या इव्हॅन्जेलिकल ख्रिस्ती मतदारांपैकी (साधारणपणे बायबलचा अधिकार आणि वैयक्तिक परिवर्तन यांवर भर देणारे प्रोटेस्टंट) किती जणांनी ट्रम्प यांना मत दिलं? एक्झिट पोलचं उत्तर असं: २०१६ मध्ये ८१ टक्के, २०२० मध्ये ७६ आणि २०२४ मध्ये ८२. यावरून सरळ गोष्ट तयार होते की मधल्या चार वर्षांत थोडी नाराजी आली आणि नंतर ती विरली. आता प्यू रिसर्च सेंटरचे आकडे पाहा. प्यू लोकांना विचारून थांबत नाही, त्या माणसाने खरोखर मतदान केलं का हे मतदार नोंदींशी ताडून बघते. तिच्या हिशेबाने २०१६ चा आकडा ७७ आणि २०२० चा ८४. इथे नाराजीचा मागमूस नाही, उलट ओढा वाढलेला दिसतो. गट तोच, निवडणुका त्याच, आणि दोन नावाजलेल्या पाहण्या विरुद्ध दिशा दाखवतात.

या विषयावर जे लिहिलं-बोललं जातं, त्यातला बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो. इव्हॅन्जेलिकल मतदारांची पक्षनिष्ठा बदलली हे खरं आहे. पण ती तीन वेगवेगळ्या वाटांनी बदलली: काही माणसांनी पक्ष बदलला, काहींनी स्वतःला ‘इव्हॅन्जेलिकल’ म्हणवून घेणं सुरू केलं किंवा सोडून दिलं, आणि काहींच्या मतदानाला जाण्या-न जाण्यात फरक पडला. निकालाच्या रात्री या तिन्हींचा मिळून एकच आकडा हाती येतो आणि आपण त्याचा अर्थ फक्त पहिल्या वाटेने लावतो.

आधी मोजणी. एक्झिट पोलमध्ये प्रश्न असतो, ‘तुम्ही स्वतःला बॉर्न अगेन किंवा इव्हॅन्जेलिकल ख्रिस्ती म्हणाल का?’ बॉर्न अगेन म्हणजे ख्रिस्तावरच्या वैयक्तिक श्रद्धेने नव्याने जन्मलेला. उत्तर हो किंवा नाही. हा प्रश्न सगळ्यांना विचारतात, त्यामुळे ‘हो’ म्हणणारा गोरा कॅथलिकसुद्धा गोऱ्या इव्हॅन्जेलिकलांत धरला जातो. प्यूच्या विश्लेषणात आधी प्रोटेस्टंट वेगळे काढतात आणि मग त्यांच्यातले बॉर्न अगेन किंवा इव्हॅन्जेलिकल मोजतात. तिसरी पद्धत समाजशास्त्रज्ञांची: माणूस कोणत्या चर्चचा सभासद आहे ते बघायचं. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन किंवा असेंब्लीज ऑफ गॉड असेल तर इव्हॅन्जेलिकल, युनायटेड मेथडिस्ट किंवा एपिस्कोपल असेल तर मेनलाइन, म्हणजे जुन्या, तुलनेने उदारमतवादी प्रोटेस्टंट पंथांतला. चौथी पद्धत श्रद्धेवर चालते: बायबलचा अधिकार, क्रूसावरचं बलिदान, वैयक्तिक परिवर्तन आणि धर्मप्रसाराची निकड या चार गोष्टी मानणारा तो इव्हॅन्जेलिकल. ही चौकट ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये मांडली.

पद्धत बदलली की गटाचा आकारही बदलतो. पीआरआरआय या संस्थेनुसार गोरे इव्हॅन्जेलिकल प्रोटेस्टंट २००६ मध्ये लोकसंख्येच्या २३ टक्के होते, २०२३ पर्यंत ते साधारण १३ टक्क्यांवर आले. प्यूच्या धर्मविषयक मोठ्या सर्वेक्षणात मात्र इव्हॅन्जेलिकल प्रोटेस्टंट २००७ मध्ये २६ टक्के आणि २०२३-२४ मध्ये २३ टक्के, म्हणजे जेमतेम घट. दोन्ही बरोबर आहेत. दुसऱ्या आकड्यात सर्व वंशांचे लोक आहेत आणि वर्गीकरण चर्चच्या परंपरेवरून केलेलं आहे. एका लेखात पहिला आकडा आणि दुसऱ्यात दुसरा वाचून ‘इव्हॅन्जेलिकल संपत चालले’ किंवा ‘काहीच बदललं नाही’ असे दोन निष्कर्ष निघतात, आणि दोघांनाही आपल्या बाजूने पुरावा असल्याचं समाधान मिळतं.

प्रश्नाची शब्दरचना बदलली की तर घोळ आणखी वाढतो. २००० च्या एक्झिट पोलमध्ये लोकांना ते ‘रिलिजस राइट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजकीय चळवळीचा भाग आहेत का, असं विचारलं होतं आणि १४ टक्के हो म्हणाले. २००४ मध्ये प्रश्न बॉर्न अगेन किंवा इव्हॅन्जेलिकलचा झाला आणि गोऱ्या इव्हॅन्जेलिकलांचा वाटा २३ टक्के आला. चार वर्षांत धर्मभावनेची लाट आली, असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं. फरक प्रश्नात होता. त्यामुळे २००४ च्या मागची आणि पुढची आकडेवारी एकाच आलेखावर जोडलेली दिसली, तर तो आलेख बाजूला ठेवावा.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘इव्हॅन्जेलिकल मत’ असं म्हणताना बहुतेक लेखांत मनात गोरेच असतात. चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट हा मेम्फिसमध्ये मुख्यालय असलेला कृष्णवर्णीय पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारा) पंथ घ्या. बायबल, बॉर्न अगेन होण्याचा अनुभव, प्रार्थनेची रीत, विवाहाविषयीची मतं, कशातही तो गोऱ्या पेंटेकोस्टलांहून फार वेगळा नाही. तरी कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट दर दहांतले सुमारे नऊ या प्रमाणात डेमोक्रॅटिक पक्षाला मत देत आले आहेत. श्रद्धा हेच मताचं कारण असतं तर हे शक्य नव्हतं. वंश, प्रांत आणि इतिहास हिशेबातून काढून टाकला की या विषयातलं काहीच नीट उलगडत नाही.

इतिहासाकडे येऊ. १९७६ पासून गोष्ट सुरू करण्याची प्रथा आहे. जॉर्जियातल्या प्लेन्स गावचे सदर्न बॅप्टिस्ट, रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे जिमी कार्टर उघडपणे स्वतःला बॉर्न अगेन म्हणाले, ‘न्यूजवीक’ने ते वर्ष इव्हॅन्जेलिकलांचं ठरवलं, गॅलपच्या पाहणीत तीनातला एक अमेरिकन स्वतःला बॉर्न अगेन म्हणाला. मग १९८० मध्ये हेच लोक त्यांना सोडून रेगन यांच्याकडे गेले. ही सुरुवात फसवी आहे. १९७२ मध्ये गोरे इव्हॅन्जेलिकल प्रचंड बहुमताने निक्सन यांच्या मागे होते. कार्टर यांनी त्यातले बरेच परत आणले ते दक्षिणेचा माणूस आणि आपल्या पंथाचा माणूस म्हणून. जुन्या कॉन्फेडरसीतल्या, म्हणजे यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या, ११ राज्यांपैकी व्हर्जिनिया सोडून १० त्यांनी जिंकली. १९७६ हा अपवाद होता आणि आपण त्यालाच पाया धरून पुढची घसरण मोजतो.

खरी मुळं त्याही मागे जातात. १९२८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने कॅथलिक आणि दारूबंदीविरोधी अल स्मिथ यांना उभं केलं, तेव्हा टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना ही राज्यं हूवर यांनी घेतली. १९६० मध्ये कॅथलिक असलेल्या केनेडींना १२ सप्टेंबरला ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर उभं राहून आपण पोपचं ऐकणार नाही, हे सांगावं लागलं. उत्तरेत तर चित्रच निराळं होतं. इलिनॉयमधलं व्हीटन, मिशिगनमधलं ग्रँड रॅपिड्स इथले इव्हॅन्जेलिकल आधीपासून रिपब्लिकनच होते. म्हणजे पक्ष बदलला तो मुख्यतः दक्षिणेतल्या गोऱ्या बॅप्टिस्टांनी, आणि त्यांच्या बदलात नागरी हक्कांच्या लढ्याचा वाटा धर्माइतकाच आहे.

गर्भपाताने हे सगळं घडवलं, असं सहज म्हटलं जातं. तारखा नीट लावून बघा. १९७१ मध्ये सेंट लुइसच्या अधिवेशनात सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने बलात्कार, रक्ताच्या नात्यातला संबंध, गर्भातलं गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका असेल तर गर्भपाताला कायद्याने मुभा असावी, असा ठराव केला होता. २२ जानेवारी १९७३ ला गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा रो विरुद्ध वेडचा निकाल आला तेव्हा रस्त्यावर उतरले ते प्रामुख्याने कॅथलिक. इव्हॅन्जेलिकल नेत्यांना आधी एकत्र आणलं ते करमाफीच्या वादाने. वंशभेद पाळणाऱ्या खासगी शाळांना करमाफी मिळणार नाही, हे १९७१ मध्ये ग्रीन विरुद्ध कॉनली खटल्यात ठरलं. १९७६ मध्ये बॉब जोन्स विद्यापीठाची करमाफी गेली. १९७८ मध्ये कर खात्याने, म्हणजे आयआरएसने, सरकारी शाळांतलं वंशविभाजन संपण्याच्या काळात निघालेल्या किंवा वाढलेल्या खासगी शाळांसाठी कडक नियम सुचवले. निषेधाची एक लाखाहून जास्त पत्रं आली आणि पुढच्या वर्षी काँग्रेसने त्या नियमांसाठी पैसा वापरायलाच बंदी केली. पॉल वेरिच यांच्यासारख्या उजव्या संघटकांना यातून पाद्र्यांची तयार फळी मिळाली. १९७९ मध्ये पाद्री जेरी फॉलवेल यांची मोरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये एड्रियन रॉजर्स यांच्या निवडीने सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनही कडव्या गटाकडे झुकायला लागलं.

याचा अर्थ गर्भपाताचा मुद्दा वरवरचा होता असा मी घेत नाही. संघटना शाळांच्या वादातून बांधली गेली, पण ती चाळीस वर्षं टिकवण्याचं काम गर्भपाताने केलं. करमाफीसाठी कुणी दर चार वर्षांनी मतदानाच्या रांगेत उभं राहत नाही. गर्भातल्या जिवाचा प्रश्न मनापासून मानणारी लाखो माणसं आहेत, आणि त्यांची ती श्रद्धा खरी आहे.

१९८० च्या ऑगस्टमध्ये डॅलसला हजारो पाद्र्यांपुढे रेगन म्हणाले की तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. वाक्याचा पहिला अर्धा भाग कायद्याचा आहे: १९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीनुसार करमाफी असलेल्या धर्मादाय संस्थेला, म्हणजे चर्चलाही, उमेदवाराचा प्रचार करता येत नव्हता. त्या वर्षी रेगन यांना या गटात मोठं बहुमत मिळालं. इथे एक पथ्य पाळावं. कार्टर यांचा देशभरातला वाटाच ५०.१ वरून ४१ टक्क्यांवर घसरला होता. महागाई आणि इराणमधले ओलीस यांचा फटका सगळ्या गटांत बसला. एखाद्या गटाची घसरण ९ टक्क्यांच्या आसपास असेल तर त्यात त्या गटाचं वेगळं असं काही नाही. वेगळेपण त्याच्या वरच्या भागात शोधायचं. हे वजाबाकीचं पाऊल बहुतेक लेखक विसरतात.

अध्यक्षाचं मत आधी बदललं, पक्षाचं नाव मात्र फार उशिरा. रेगन यांना भरभरून मत देणारे दक्षिणेतले बॅप्टिस्ट गावातला शेरीफ आणि राज्यातला आमदार डेमोक्रॅटिकच निवडत राहिले. जॉर्जियाला यादवी युद्धापाठोपाठच्या पुनर्रचनेच्या काळानंतरचा पहिला रिपब्लिकन गव्हर्नर २००२ मध्ये मिळाला. अलाबामाचं विधिमंडळ २०१० मध्ये रिपब्लिकन झालं. केंटकीत तर नोंदणीकृत रिपब्लिकनांची संख्या डेमोक्रॅटांपेक्षा जास्त व्हायला २०२२ साल उजाडलं. त्यामुळे मतदार नोंदणीच्या आकड्यांवरून ‘लोक आत्ता पक्ष बदलत आहेत’ असं कुणी म्हणालं, तर तीन-चार दशकांपूर्वी झालेल्या बदलाची कागदोपत्री नोंद आज होते आहे, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो.

पुढचा टप्पा यंत्रणेचा. १९८८ मध्ये टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन आयोवाच्या कॉकसमध्ये (पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या स्थानिक सभांत) बॉब डोल यांच्यानंतर दुसरे आले, तत्कालीन उपाध्यक्ष थोरले बुश तिसरे. उमेदवारी मिळाली नाही, पण संपर्कयादी हातात राहिली आणि १९८९ मध्ये तिच्यावर ख्रिश्चन कोअलिशन ही संघटना उभी राहिली. राल्फ रीड यांनी तिचं हत्यार बनवलं ते मतदार मार्गदर्शिकेला. मतदानाच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये वाटायचा एक साधा कागद: डावीकडे मुद्दे, उजवीकडे दोन उमेदवारांच्या नावाखाली ‘पाठिंबा’ किंवा ‘विरोध’. ‘याला मत द्या’ असं कुठेच लिहिलेलं नसे, म्हणून जॉन्सन दुरुस्तीची कात्री लागत नसे. मुद्द्यांची निवडच सगळं काम करायची.

उमेदवाराचा स्वतःचा धर्म किती महत्त्वाचा? १९९२ मध्ये डेमोक्रॅटिक तिकिटावर क्लिंटन आणि गोर असे दोन सदर्न बॅप्टिस्ट होते, तरी गोऱ्या इव्हॅन्जेलिकलांचं बहुमत त्यांना मिळालं नाही. २०१२ मध्ये मिट रॉम्नी मॉर्मन होते. मॉर्मन ख्रिस्तीच नाहीत, असं अनेक इव्हॅन्जेलिकल चर्चांत शिकवलं जाई. रॉम्नी प्रसिद्ध इव्हॅन्जेलिकल प्रचारक बिली ग्रॅहम यांना भेटून आले आणि त्यानंतर ग्रॅहम यांच्या संस्थेच्या वेबसाइटवरून मॉर्मन पंथाला ‘कल्ट’ (पाखंडी पंथ) म्हणणारा मजकूर काढून टाकला गेला. रॉम्नींना ७८ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, म्हणजे २००४ मध्ये धाकट्या बुश यांना मिळाली तेवढीच. माझ्या मते २०१६ समजून घ्यायचं असेल तर २०१२ अधिक बोलकं आहे. उमेदवार आपल्या श्रद्धेचा असावा, ही अट ट्रम्प यांच्या आधीच गळून पडली होती.

चारित्र्याची अट गळून पडायला मात्र वेळ लागला नाही. १९९८ मध्ये, क्लिंटन यांच्या विवाहबाह्य संबंधांचं प्रकरण पेटलेलं असताना, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या नैतिक चारित्र्यावर ठराव केला होता. खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा माणूस सार्वजनिक कर्तव्य नीतीने पार पाडू शकेल का, या पीआरआरआयच्या प्रश्नाला २०११ मध्ये ३० टक्के गोरे इव्हॅन्जेलिकल हो म्हणाले. २०१६ मध्ये ७२ टक्के. पाच वर्षांत एवढी उडी धर्मविषयक मतात क्वचित दिसते. पक्षनिष्ठा बदलत नाही म्हणून मग श्रद्धेचा अर्थ बदलतो, हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात गंभीर सत्य वाटतं, आणि ते दोन्ही पक्षांच्या धार्मिक मतदारांनी मनावर घ्यावं असं आहे.

प्रायमरीचे, म्हणजे पक्षांतर्गत उमेदवारनिवडीचे, आकडे याहून बारकाईने वाचावे लागतात, कारण तिथे पक्ष स्थिर असतो आणि गटातल्या भेगा दिसतात. आयोवाचे इव्हॅन्जेलिकल २००८ मध्ये हकबी, २०१२ मध्ये सँटोरम आणि २०१६ मध्ये क्रूझ यांच्यामागे गेले; तिघांपैकी एकालाही उमेदवारी मिळाली नाही. २०१६ मध्ये तिथे ट्रम्प यांना या गटात साधारण २२ टक्के मतं होती. मग साउथ कॅरोलायनात त्यांनी सुमारे एक तृतीयांश मतं घेऊन क्रूझ यांना मागे टाकलं. दर रविवारी चर्चला जाणाऱ्यांत क्रूझ पुढे आणि क्वचित जाणाऱ्यांत ट्रम्प पुढे, अशी ती भेग होती. जानेवारी २०२४ मध्ये आयोवाच्या गव्हर्नर किम रेनल्ड्स आणि तिथले वजनदार इव्हॅन्जेलिकल नेते बॉब व्हँडर प्लाट्स दोघेही डिसँटिस यांच्या बाजूने होते. ट्रम्प ५१ टक्क्यांनी जिंकले, आणि इव्हॅन्जेलिकलांतही निम्म्याहून जास्त मतं त्यांचीच. आठ वर्षांत भेग बुजली होती. नेत्यांच्या शब्दाची किंमत किती उरली, तेही त्या रात्री दिसलं. डिसेंबर २०१९ मध्ये ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या इव्हॅन्जेलिकल मासिकाने ट्रम्प यांना पदावरून हटवण्याचं संपादकीय लिहिलं, पुढे नामवंत नेते रसेल मूर आणि लेखिका बेथ मूर सदर्न बॅप्टिस्टांतून बाहेर पडले; बातम्या मोठ्या झाल्या, मतपेटीत त्याचा ठसा शोधूनही सापडत नाही.

भेग बुजण्यामागे दुसरी वाट आहे, ओळख बदलण्याची. प्यूने त्याच माणसांना २०१६ आणि २०२० मध्ये विचारलं. २०१६ मध्ये स्वतःला इव्हॅन्जेलिकल न म्हणणाऱ्या, पण ट्रम्प यांच्याबद्दल आपुलकी असलेल्या गोऱ्या लोकांपैकी १६ टक्के २०२० पर्यंत स्वतःला तसं म्हणू लागले होते. ट्रम्पविरोधी लोकांत हे प्रमाण नगण्य. म्हणजे मत आधी आणि ओळख नंतर. अशा नव्या सभासदांमुळे गटाचा रिपब्लिकन टक्का वाढतो, एकाही माणसाने पक्ष न बदलता. एक्झिट पोलमध्ये गोऱ्या इव्हॅन्जेलिकलांचा वाटा २००४ मध्ये २३, २०१६ मध्ये २६ आणि २०२० मध्ये २८ टक्के असा चढत गेला आणि त्याच काळात लोकसंख्येतला वाटा उतरत होता, याचा काही भाग इथे उलगडतो. उरलेला भाग वयाचा आहे: गट म्हातारा होतो आहे आणि म्हातारी माणसं मतदानाला नेमाने जातात.

तिसरी वाट घरी बसण्याची. एका मतदाराने रिपब्लिकन सोडून डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत दिलं तर दोघांतलं अंतर दोन मतांनी बदलतं. तो घरी बसला तर एकाने. जॉर्जियात २०२० मध्ये सुमारे ५० लाख मतं पडली आणि बायडन ११,७७९ मतांनी जिंकले. तिथल्या मतदारांत तीनातला एक गोरा इव्हॅन्जेलिकल धरा, म्हणजे साधारण साडेसोळा लाख. त्यातल्या शंभरातल्या एकाने, म्हणजे साडेसोळा हजारांनी बाजू बदलली तरी अंतर तेहेतीस हजारांनी हलतं. हा एक टक्का पाहणीच्या चुकीच्या मर्यादेत सहज लपून जातो. त्यामुळे ‘८४ वरून ८३ वर’ या बातमीला राष्ट्रीय पाहणीत काही अर्थ नाही, पण चुरशीच्या राज्यात तेवढ्यावर निकाल फिरू शकतो. तो शोधायचा तर एक्झिट पोल सोडून काउंटीवार निकाल काढावेत, बॅप्टिस्ट वस्ती दाट असलेल्या काउंट्या वेगळ्या कराव्यात आणि मतांचा वाटा व एकूण मतदान हे दोन्ही मागच्या निवडणुकीशी ताडावेत.

आता कुठे लक्ष ठेवावं? २४ जून २०२२ ला डॉब्स निकालाने रो रद्द झाला आणि जुलै २०२४ मध्ये मिलवॉकीच्या अधिवेशनात रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी गर्भपातबंदीची मागणी जाहीरनाम्यातून काढून प्रश्न राज्यांवर सोडला. चाळीस वर्षं ज्या मुद्द्यावर निष्ठा टिकली तो पातळ झाला, आणि तरीही ८२ टक्के. गोऱ्या इव्हॅन्जेलिकलांत मोठी हालचाल नजीकच्या काळात मला दिसत नाही. हालचाल आहे ती लॅटिनो इव्हॅन्जेलिकलांत. २००४ मध्ये बुश यांनी लॅटिनो प्रोटेस्टंटांत बहुमत घेतलं, नंतर ते विस्कटलं, आणि २०२४ च्या एक्झिट पोलमध्ये ट्रम्प यांनी पुन्हा स्पष्ट बहुमत मिळवलं. ट्रम्प यांच्या २०२० च्या मोहिमेने इव्हॅन्जेलिकल आघाडीची सुरुवात त्या वर्षी ३ जानेवारीला मायामीतल्या एका लॅटिनो मेगाचर्चमधून केली, ती जागा विचार करूनच निवडलेली होती. राष्ट्रीय पाहण्यांत या गटाचे नमुने लहान असतात आणि मुलाखत स्पॅनिशमध्ये झाली की इंग्रजीत यावरही उत्तरं सरकतात. फ्लोरिडातला क्युबन पेंटेकोस्टल, टेक्सासच्या सीमेवरचा मेक्सिकन बॅप्टिस्ट आणि पेनसिल्व्हेनियातला पोर्तो रिकन यांचा एकच टक्का छापलेला दिसला, तर खाली किती जणांना आणि कोणत्या भाषेत विचारलं होतं ते आधी पाहावं.